गुजरीतला स्कोप: जुनी टेस्ट उपकरणं स्वस्तात घ्यायची तर

कोल्हापुरात ‘गुजरीत जाऊन येतो’ म्हटलं की घरच्यांचे डोळे चमकतात, कारण तिथली गुजरी म्हणजे सराफांची पेठ. बेळगावात तेच म्हटलं तर आई विचारते, ‘आता आणि कसलं भंगार आणतोस?’ कन्नडमध्ये गुजरी म्हणजे मोडीत निघालेल्या मालाचं दुकान आणि आमच्या बोलण्यातही तो शब्द त्याच अर्थाने रुळलाय. माझ्या टेबलावरचा स्कोप (विजेचा तरंग पडद्यावर रेघेने दाखवणारा ऑसिलोस्कोप), पॉवर सप्लाय, फंक्शन जनरेटर (तपासणीसाठी तरंग तयार करणारं यंत्र) आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) या चारही वस्तू त्या दुसऱ्या गुजरीतल्या. मल्टिमीटर मात्र नवा घेतला. का, ते पुढे येईलच.

माझं काम ड्राइव्हची (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राची) कार्डं, सीएनसी मशीनचे पॉवर सप्लाय आणि इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करण्याचं. गिऱ्हाईक बहुतेक बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या कारखान्यांच्या भागांतलं, गळीत हंगामात चिकोडी-अथणीकडच्या साखर कारखान्यांचं. सुरुवात केली ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, एक काट्याचा मीटर आणि एक सिरीज बल्ब घेऊन. आता डिप्लोमा, आयटीआय करून आलेली पोरं विचारतात, ‘दादा, स्वस्तात स्कोप कुठं मिळतोय?’ कुठं ते सांगतो. पण आधी एक नियम वहीत लिहून ठेवा, मी तो पैसे घालवून शिकलोय: जे जागेवर तपासता आलं नाही, त्याला भंगाराचाच भाव द्यायचा. विकणारा ओळखीचा असो, यंत्रावर कितीही मोठ्या कंपनीचं नाव असो.

१. आधी काम बघा, मग यंत्र

पहिली चूक इथेच होते. स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि मग कामच नाही. माझ्या ओळखीच्या एकाने स्पेक्ट्रम अॅनालायझर उचलला होता. तो करतो मिक्सर आणि पंप. त्या यंत्रावर आता त्याच्या दुकानातला देवाचा फोटो आहे.

मोटर, पंप, वायरिंग एवढंच करत असाल तर क्लॅम्प मीटर, मेगर आणि बरा मल्टिमीटर पुरे. स्कोपच्या वाटेला जाऊ नका.

एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारे पॉवर सप्लाय), इन्व्हर्टर, ड्राइव्ह करत असाल तर २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा साधा अॅनालॉग स्कोप चालतो. या सप्लायचं स्विचिंग बहुधा ५० ते १०० किलोहर्ट्झच्या घरात असतं. हिशेब सोपा आहे: ०.३५ ला बँडविड्थने (स्कोपच्या मेगाहर्ट्झने) भागलं की स्कोपला दिसणारा सर्वांत वेगवान चढ कळतो. २० मेगाहर्ट्झला तो १७.५ नॅनोसेकंद येतो, १०० मेगाहर्ट्झला ३.५. मायक्रोकंट्रोलरचं क्लॉक, एन्कोडरचे पल्स, सीरियल डेटा बघायचा असेल तर मात्र १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल स्कोप हवा, आणि तिथे जुन्याच्या मागे फिरण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. चिनी बनावटीचे नवे दोन चॅनेलचे स्कोप आता वॉरंटीसह आवाक्यात आलेत. जुन्या डिजिटल स्कोपला त्याच्या निम्म्याहून जास्त मागत असतील तर सरळ उठा.

ड्राइव्हवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ४१५ व्होल्ट थ्री फेज आत आला की डीसी बसवर ५८५ व्होल्टच्या आसपास उभा राहतो. स्कोपबरोबर मिळणारा साधा प्रोब (सिग्नल टिपायची टोकदार वायर) तिथे लावायचा नाही. त्यासाठी डिफरन्शिअल प्रोब (कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन टोकांमधला फरक दाखवणारा) लागतो आणि तो जुना घेऊ नये. त्यावर आपला जीव टांगलेला असतो.

२. पिशवी भरा

भाव करायला जाताना मी पैशांच्या आधी पिशवी बघतो. तिच्यात एवढं असतं:

- सिरीज बोर्ड: १०० वॅटचा पिवळा बल्ब होल्डरमध्ये, पुढे थ्री-पिन सॉकेट. एलईडी बल्ब चालत नाही.
- स्वतःचा चांगला मल्टिमीटर.
- १एक्स/१०एक्सचा (सिग्नल जसाच्या तसा किंवा दहापट घटवून देणारा) एक प्रोब, जो घरी चालतो हे नक्की माहीत आहे.
- ९ व्होल्टची नवी बॅटरी, आणि १ टक्क्याचे तीन रेझिस्टर: १०० ओहम, १० किलोओहम, १ मेगओहम.
- गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी सोल्डर केलेला.
- वायरचे दहा वेढे, टेपने बांधलेले. याचं काम खाली येईल.
- टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, तीन-चार मापांचे काचेचे फ्यूज, थ्री-पिन टॉप लावलेली पॉवर कॉर्ड.
- मोबाइलमध्ये त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. जुन्या यंत्रांची मॅन्युअल सर्किटसकट मिळतात आणि गोडाऊनमध्ये रेंज नसते, म्हणून आदल्या रात्री उतरवून ठेवा.

विकणारा म्हणाला, ‘इथं लाइट न्हाई, घरी नेऊन बघ की’, तर वरचा नियम लागू. शेजारच्या चहाच्या टपरीवर सॉकेट असतंच. मी दोन चहा सांगून तिथे स्कोप लावलेला आहे.

३. कुठं शोधायचं

सर्वांत चांगला माल मला उद्यमबागेतच मिळाला. एखादं युनिट बंद होतं, मालक मशीन विकतो, पण मेंटेनन्स रूमच्या कपाटात काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. त्या खोलीत बसणाऱ्या जुन्या इलेक्ट्रिशियनशी ओळख ठेवा. मालकाला फोन करण्यापेक्षा त्यांच्याबरोबर जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं बसणं जास्त कामाचं. सीएनसीच्या भंगारात कंट्रोल ट्रान्सफॉर्मरही हमखास असतात. दुरुस्तीच्या टेबलाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (मेनशी थेट जोड नसलेली वीज देणारा) लागतोच, तेव्हा योग्य व्होल्टेजचा आणि वेगळ्या सेकंडरीचा दिसला तर तांब्याच्या वजनाच्या भावात उचलून ठेवा.

दुसरी जागा म्हणजे कॉलेजं, पॉलिटेक्निक, आयटीआय. लॅब नवी झाली की जुनं सामान राइट-ऑफ होतं. लिलावाची नोटीस फलकावर किंवा वर्तमानपत्रात येते, आणि आपल्याकडे ती बरेचदा कन्नडमध्ये असते. ‘हराजु’ हा शब्द दिसला की थांबा. आपला ‘हर्रास’ आणि तो एकाच घरचे. वाचता येत नसेल तर कुणाकडून तरी शब्दन्‌शब्द वाचून घ्या, विशेषतः पात्रतेची ओळ. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झालेत. त्यामुळे काही लॉटना नोंदणीकृत रिसायकलरलाच बोली लावता येते, तिथे आपण जाऊन उपयोग नाही.

सरकारी कंपन्यांचा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. त्यासाठी नोंदणी, पॅन, बयाणा रक्कम, सगळं आलं. विक्री ‘जसं आहे, जिथं आहे’ या तत्त्वावर असते, म्हणजे घरी नेऊन तक्रार करायची सोय नाही. बोलीच्या रकमेवर कर वेगळे. लॉटही अख्खा घ्यावा लागतो: दोन स्कोपांबरोबर चाळीस मेलेले मॉनिटर आणि खुर्च्या. एकट्याने यात पडू नका. आम्ही तिघांनी मिळून एकदा घेतला, आणि त्यातल्या खुर्च्यांवर अजून तिघंही बसतो.

बाहेर जायचं तर रात्री राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने निघून सकाळी बेंगळुरू, आणि मग एस.पी. रोड. पुण्याला पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे माल जास्त पण दुकानदारही तयार असतात. भाड्याचे पैसे मालात धरून बघा. एका मीटरसाठी बेंगळुरू परवडत नाही.

ऑनलाइन घेताना फोटोवर जाऊ नका, चालू यंत्राचा व्हिडिओ मागा, आणि त्यात आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवायला सांगा. हसतात, पण पाठवतात. परदेशातून जुना स्कोप मागवायचा विचार मनात येत असेल तर त्याचं वजन बघा. टेक्ट्रॉनिक्सचे जुने अॅनालॉग स्कोप आठ-दहा किलोंचे असतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरलं की स्वस्ताई उडून जाते.

४. वीज लावण्याआधी

घाई इथे नडते. समोर स्कोप दिसला की हात आधी स्विचकडे जातो. तो खिशात ठेवा.

थ्री-पिन टॉप बघा. जाडी अर्थ पिन जागेवर आहे का? आपल्या धंद्यातली एक वाईट खोड आहे: एसएमपीएसच्या प्रायमरी बाजूला स्कोप लावला की प्रोबच्या ग्राउंडमधून शॉर्ट होतो, म्हणून कुणीतरी स्कोपचाच अर्थ कापून टाकतो. त्यानंतर त्या स्कोपची अख्खी पत्र्याची बॉडी फेजवर येऊ शकते. मीटर कंटिन्युइटीला लावा, एक टोक अर्थ पिनवर, दुसरं प्रोबच्या सॉकेटच्या बाहेरच्या कड्यावर. एक ओहमच्या आत यायला हवं. नाही आलं तर तो स्कोप घेऊ नका असं नाही, पण अर्थ जोडल्याशिवाय लावू नका आणि तेवढा भाव पाडा. शॉर्ट टाळायचा खरा उपाय म्हणजे दुरुस्तीच्या बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं. स्कोपचा अर्थ त्याच्या जागी राहतो.

मग मागची बाजू. अमेरिकेतून आलेल्या यंत्रावर ११५/२३० चा सिलेक्टर असतो आणि तो कधी कधी ११५ वरच असतो. फ्यूज काढून बघा. फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी दिसली तर समजा की आत कुणीतरी एकदा हार मानलेली आहे.

जाळीतून वास घ्या. जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वास वर्षानुवर्षं जात नाही. खानापूरकडून आलेल्या मालाला दुसराच वास असतो, ओलीचा. तिकडच्या पावसात चार महिने बंद खोलीत राहिलेल्या यंत्राच्या रोटरी स्विचवर हिरवी पूड धरते. ती साफ होते, घाबरू नका, फक्त मेहनत धरा.

आणि अजून एक, जे वीज न लावता होतं आणि फार कमी लोक करतात. जुन्या अॅनालॉग स्कोपचं इनपुट डीसीवर ठेवा आणि बीएनसी सॉकेटच्या (प्रोब लावायच्या गोल सॉकेटच्या) मधल्या पिनेपासून कड्यापर्यंत ओहम मोजा. १ मेगओहमच्या जवळपास यायला हवं. व्होल्ट्स/डिव्हिजनचा नॉब एकेक घर फिरवत सगळीकडे बघा. एखाद्या घरात आकडा भलताच पडला तर तिथला अॅटेन्युएटर (सिग्नल घटवणारा भाग) कुणीतरी २३० लावून भाजलाय. दोन्ही चॅनेलला मिळून दोन मिनिटं लागतात, आणि अॅटेन्युएटरचे भाग मिळत नसतात.

५. आता वीज

सिरीज बोर्डातून लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब लुकलुकत असेल तर आत बहुधा स्विचिंग सप्लाय आहे आणि त्याला बल्बमधून पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. तेव्हा शॉर्ट नाही एवढं पाहून सरळ लावा. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर उत्तमच, पण गोडाऊनमध्ये तो कोण ठेवणार.

स्कोप. दहा मिनिटं तापू द्या आणि तेवढ्यात बोलणं करा. मग ट्रिगर (लाट पडद्यावर स्थिर धरणारा भाग) ऑटोवर, टाइमबेस (आडव्या एका घराचा वेळ) एक मिलिसेकंदवर, दोन्ही पोझिशन नॉब मध्यावर. रेघ बारीक आणि सरळ यायला हवी. ब्राइटनेस निम्म्यावर असताना दिसत नसेल तर ट्यूब थकलीय. स्क्रीन बंद असताना टॉर्चच्या उजेडात मधोमध तपकिरी आडवी रेघ दिसली तर कुणीतरी वर्षानुवर्षं तो तसाच चालू ठेवला होता.

प्रोब पुढच्या कॅलिब्रेशन पिनेला लावा. बहुतेक स्कोपना तिथे १ किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग असतो. टाइमबेस ०.२ मिलिसेकंदवर ठेवला की एक तरंग बरोबर पाच घरं घेतो. मोजा. कोपरे गोल किंवा टोकदार दिसले तर आधी प्रोबचा ट्रिमर फिरवून बघा, स्कोपला दोष देऊ नका. मग ९ व्होल्टची बॅटरी: प्रोब १एक्सवर, २ व्होल्ट प्रति घर, रेघ आधी खाली घेऊन ठेवा, ती साडेचार घरांच्या किंचित वर उडायला हवी. शेवटी प्रोबच्या टोकाला बोट लावा. बोटातून हेस्कॉमची (आमच्याकडच्या वीज कंपनीची) वीज दिसते, ५० हर्ट्झची, ५ मिलिसेकंदवर चार घरांची एक लाट. ट्रिगरचा लेव्हल नॉब फिरवून ती लाट थांबते का बघा. न थांबणारा स्कोप घरी नेऊन काही उपयोगाचा नसतो.

हे सगळं दुसऱ्या चॅनेलवर पुन्हा करायचं. कंटाळा येतो. पण विकणाऱ्याने पहिला चॅनेल दाखवला म्हणजे दुसरा मेलेला असण्याची शक्यता बरीच असते.

मल्टिमीटर. बॅटरीचं झाकण आधी उघडा, पांढरी-हिरवी पूड आहे का बघा. मग रेझिस्टर, ९ व्होल्ट, सॉकेटचे २३०. सिलेक्टर प्रत्येक घरात जरा हलवून बघा, आकडा नाचला तर कॉन्टॅक्ट गेलेत. अंक अर्धवट दिसत असतील तर बहुतेक वेळा डिस्प्लेखालची रबरपट्टी साफ करून जमतं, पण काचेत काळा डाग पसरलेला असेल तर जमत नाही.

आता मीटर नवा का घ्यायचा ते. चांगल्या मीटरमध्ये करंटच्या बाजूला मोठे एचआरसी (मोठा शॉर्टही न फुटता तोडणारे) फ्यूज असतात. फ्लूक ८७-५ मध्ये ११ अँपिअर आणि ४४० मिलिअँपिअरचे, दोन्ही १००० व्होल्टचे. हे महाग असतात. मग कुणीतरी तिथे चार रुपयांचा काचेचा फ्यूज किंवा वायर घालतो, आणि मीटर दिसायला तसाच राहतो. तो घेऊन तुम्ही ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर चुकून करंटच्या सॉकेटमध्ये वायर ठेवून टोक लावलं, तर आर्क हातात फुटतो. म्हणून पॅनेलवर जाणारा मीटर मी नवा, बिलासकट घेतला. टेबलावरच्या कामाला जुना चालेल, पण मागचं झाकण उघडून फ्यूज डोळ्यांनी बघितल्यावरच.

पॉवर सप्लाय. ० ते ३० व्होल्ट, २ अँपिअरवाला असेल तर १२ व्होल्टवर ठेवून इंडिकेटरचा बल्ब लावा. तो पावणेदोन अँपिअर घेतो. व्होल्टेज १२ वरून खाली घसरता कामा नये. बल्ब थंड असताना पहिल्या झटक्यात जास्त करंट ओढतो, तेव्हा करंट लिमिटचा दिवा क्षणभर लागून विझतो. तो लागलाच नाही तर करंट लिमिट कमी करून आउटपुट शॉर्ट करून बघा. आधी विकणाऱ्याला सांगून, नाहीतर तो ओरडतो. अॅपलॅब, सायंटिफिक अशा भारतीय कंपन्यांचे जुने ट्रान्सफॉर्मरवाले सप्लाय जड असतात पण दुरुस्त होतात. भाग साधे, जागा भरपूर.

क्लॅम्प मीटर. १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर ४.३ अँपिअरच्या आसपास घेते. क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्या, अख्खी कॉर्ड नाही. दोन्ही वायरी गेल्या तर शून्य दिसतं आणि चांगला मीटर तुम्ही नाकारून येता. पिशवीतले दहा वेढे इस्त्रीच्या एका वायरीला सिरीजमध्ये जोडून क्लॅम्पमध्ये धरले की ४३ दिसायला हवं. वरची रेंजही तपासून होते.

मेगरला टोकं उघडी ठेवून अनंत, जोडून शून्य. फंक्शन जनरेटर आपल्याच स्कोपवर बघायचा, म्हणून तो स्कोपनंतर घ्या.

६. भाव

मच्छेच्या एका गोडाऊनमध्ये मला २० मेगाहर्ट्झचा स्कोप दिसला. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, स्क्रीन काळी.

‘मामा, ह्याला रेघच न्हाई की.’

‘म्हणून तर अडीच हजार, बाळा. रेघ असती तर सहा सांगितलो असतो.’

मी खाली बसलो. पोझिशनचा नॉब पार तळाला फिरवलेला, ट्रिगर नॉर्मलवर. नॉर्मलवर सिग्नल नसला की रेघ येतच नाही, आणि आली तरी ती स्क्रीनच्या खाली असणार होती. कुणीतरी धूळ पुसताना नॉब फिरवले असावेत. मी ऑटोवर केलं, नॉब वर घेतला, आणि हिरवी रेघ खालून सूर्य उगवावा तशी वर आली. अडचण एवढीच की ती मामांनीही बघितली. शेवटी तीन हजार आठशेला तुटलं. तेव्हापासून तपासताना यंत्राचं तोंड मी माझ्याकडे वळवून बसतो.

भावाचा माझा हिशेब असा: तशाच कामाचं नवं यंत्र किती ते आधी बघायचं. सगळं तपासून झालेलं जुनं यंत्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. एक चॅनेल मेला असेल तर त्याचं निम्मं. अजिबात न तपासलेलं असेल तर वजनाचा भाव, आणि विकणारा त्याला तयार नसेल तर नमस्कार करून उठायचं. प्रोब, कॉर्ड, मॅन्युअल बरोबर आहे का ते भाव ठरण्याआधी विचारा, नंतर ते सगळं ‘वेगळं’ होतं.

‘कॅलिब्रेशन झालंय’ या वाक्याला भाव नाही. चिकटवलेल्या स्टिकरवरची तारीख वाचा. तुमच्या गिऱ्हाइकाला ऑडिटसाठी प्रमाणपत्र लागत असेल तर ते एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आणि मुदतीतलं हवं, आणि तो खर्च तुमच्याच अंगावर पडणार आहे.

७. कागद

यात आळस करू नका. लॅबमधून उचललेलं यंत्र बाजारात येतं आणि त्याच्या मागे संस्थेचा नंबर रंगवलेला असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१७, पूर्वीचं भादंवि ४११. ‘मला माहीत नव्हतं’ हे सांगायला हातात काहीतरी लागतं. संस्थेचा नंबर घासलेला असेल, सीरियल नंबरची पट्टी उपटलेली असेल, तर मी हात लावत नाही.

विकत घेताना:
- पावती. साध्या कागदावर चालेल, पण मॉडेल, सीरियल नंबर, रक्कम, तारीख आणि विकणाऱ्याची सही हवी.
- विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, किमान मोबाइलमध्ये फोटो.
- कारखान्यातून असेल तर गेट पास, संस्थेतून असेल तर राइट-ऑफ किंवा विक्रीचं पत्र.
- पैसे शक्यतो खात्यातून. रोख दिलं तर पावतीवर तसं लिहून घ्या.

लिलावाला जाताना:
- आधार, पॅन, असेल तर जीएसटीचं प्रमाणपत्र.
- बयाणा नोटिशीत सांगितला असेल त्याच प्रकाराने. डीडी म्हटलं असेल तर रोख घेत नाहीत.
- माल बघण्याच्या दिवशीच्या तुमच्या टिपा. लॉट नंबरासकट, कारण बोलीच्या दिवशी सगळे स्कोप सारखे दिसतात.

८. घरी आणणं

कोल्हापूर किंवा पुण्याहून आणताना हद्द ओलांडायची असते. सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर, विशेषतः निवडणुकीच्या काळात, गाड्या तपासतात. पत्र्याचा डबा, त्यातून वायरी बाहेर आलेल्या, म्हटल्यावर प्रश्न येणारच. पावती पिशवीच्या तळाशी नको, वरच्या खिशात ठेवा. माल ५०,००० रुपयांच्या वर आणि धंद्याचा असेल तर ई-वे बिलाचं आधी बघा. आणि सीमाप्रश्न तापलेला असेल त्या आठवड्यात जाऊच नका. एसटी अलीकडेच थांबते, आपली बस पलीकडे जात नाही, आणि मग दहा किलोंचा स्कोप डोक्यावर घेऊन कागलला उभं राहायची वेळ येते. मी राहिलोय.

स्कोप वाकळीत गुंडाळा, नॉबच्या बाजूला पुठ्ठा बांधा, टपावर टाकू नका. ट्यूब काचेची आहे.

९. पहिला आठवडा

लगेच उघडून बसू नका. उघडलात तर वीज काढून, आणि ट्यूबच्या मागच्या भागाला हात न लावता. साध्या स्कोपच्या ट्यूबलाही दोन हजार व्होल्टच्या आसपास असतात, आणि वीज काढल्यावरही कपॅसिटर ती धरून बसतात.

आधी रोज तासभर चालवा, आपण खोलीत असताना. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या यंत्रातले जुने कागदी फिल्टर कपॅसिटर पहिल्या काही तासांतच फुटतात. युरोपीय यंत्रांमध्ये मेनच्या तोंडाशी पारदर्शक पिवळट आवरणाचे, भेगा पडलेले दिसले तर फुटायची वाट न बघता एक्स-२ दर्जाचे (मेनच्या विजेवर चालणारे) नवे घाला. धुराने खोली भरते आणि घरचे पुढचे सहा महिने ऐकवतात.

हलणारे नॉब आणि स्विच कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पण फवारा थेट मारू नका. कागदाच्या पट्टीला लावून ती स्विचमधून ओढा.

बॅटरीचं मात्र थांबा. काही जुन्या बेंच मीटरमध्ये, एचपी ३४७८ए हे त्यातलं नेहमीचं उदाहरण, कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. माझ्याकडे अशाच प्रकारचा एक साडेपाच अंकी मीटर आला होता. बॅटरी जुनी दिसली, म्हणून चांगलं काम करतोय अशा समजुतीत मी ती उपसून नवी सोल्डर केली. वीज लावली तर स्क्रीनवर कॅलिब्रेशनची चूक. सगळे आकडे त्या अर्ध्या मिनिटात पुसले गेले होते. घेतलेल्या किमतीहून जास्त कॅलिब्रेशनला गेले. आता अशी बॅटरी बदलताना आधी मेमरीतले आकडे वाचून ठेवतो, आणि समांतर दुसरी बॅटरी जोडल्याशिवाय जुनी काढत नाही. सोल्डरिंग आयर्नचंही टोक तेवढ्यापुरतं अर्थपासून सोडवलेलं हवं, नाहीतर समांतर बॅटरीच शॉर्ट होते.

घरच्या घरी पडताळायला एडी५८४ या चिपचं तयार मॉड्यूल घ्या. ते २.५, ५, ७.५ आणि १० व्होल्ट देतं आणि दुरुस्तीच्या कामाला पुरेसं अचूक असतं. माझ्या प्रत्येक यंत्राच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: घेतल्याची तारीख, किंमत, १० व्होल्टला काय दाखवलं. दर दिवाळीला, लक्ष्मीपूजनाच्या आधी टेबल पुसताना पुन्हा मोजतो आणि खाली नवा आकडा लिहितो. मच्छेच्या स्कोपच्या चिठ्ठीवर आता सहा ओळी झाल्यात. दुसरा चॅनेल ५ व्होल्टच्या घरात जरा कमी दाखवतो, म्हणून तिथे पेन्सिलने ‘थोडं वाढवून वाच’ एवढं लिहून ठेवलंय.